पार्डन? — टंग ट्विस्टरने इंग्रजी उच्चार सुधारण्याची कोकणी पद्धत

इंग्रजी बोलायचं म्हटलं की आपल्याकडची मुलं व्याकरणाला घाबरतात. काळ चुकला, ‘द’ राहून गेला तरी समोरच्याला अर्थ लागतो. तो ‘पार्डन?’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा एखादा आवाज चुकलेला असतो. मालवणच्या धक्क्यावर किल्ल्याची माहिती सांगणारा गाईड, तारकर्लीत होमस्टे चालवणारी ताई, मर्चंट नेव्हीत जायची तयारी करणारा रत्नागिरीचा पोरगा, अशा सगळ्यांशी उच्चारांवर काम करताना मला हेच दिसत आलं आहे. आवाज मोजके असतात आणि ते दुरुस्त होतात. त्यासाठी टंग ट्विस्टर, म्हणजे जीभ अडखळवणारं वाक्य, हे फार चांगलं साधन आहे, पण ते ज्या पद्धतीने वापरलं जातं तिने सहसा काही होत नाही.

होतं असं की मोबाईलवर वीस-पंचवीस वाक्यांची यादी सापडते. मुलं ती भराभर म्हणतात, अडखळतात, हसतात आणि पुढच्या वाक्यावर जातात. यात चुकीचा आवाजच वेगाने घोटला जातो. जिभेला जे वळण वारंवार मिळतं ते पक्कं होतं, मग ते बरोबर असो की चूक. म्हणून पहिला नियम हा, की एका वेळी एकच आवाज घ्यायचा, त्याच्यासाठी एकच वाक्य घ्यायचं आणि वेग सगळ्यात शेवटी वाढवायचा.

हा विचार जुनाच आहे. ‘पीटर पायपर पिक्ड अ पेक ऑव्ह पिकल्ड पेपर्स’ हे वाक्य लंडनमध्ये १८१३ साली छापलेल्या उच्चारांच्या एका पुस्तकात आलं. त्यात इंग्रजी अक्षरागणिक एकेक वाक्य होतं. पीचा सराव पीच्या वाक्यावर करायचा, एवढी साधी मांडणी.

आधी कान, मग जीभ

सराव सुरू करण्याआधी आपलं कुठे अडतं ते शोधा. मोबाईलवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करा. लिहिलेलं वाचू नका. आपल्या गावाबद्दल, वाडीबद्दल, घरातल्या माणसांबद्दल दोन मिनिटं इंग्रजीत बोला. वाचताना आपण सावध असतो, बोलताना खरे आवाज बाहेर येतात.

मग व्हॉइस टायपिंग इंग्रजीवर लावा आणि सुटे शब्द बोला. पूर्ण वाक्य बोललात तर मोबाईल मागचापुढचा संदर्भ पाहून अंदाजाने बरोबर शब्द लिहितो आणि तुम्हाला वाटतं आपलं ठीक आहे. सुट्या शब्दाला असा आधार नसतो. ‘व्हेट’ म्हणजे जनावरांचा डॉक्टर आणि ‘वेट’ म्हणजे ओला, हे दोन शब्द उलटसुलट क्रमाने बोलून बघा. प्रत्येक वेळी ‘वेट’च उमटत असेल तर काम कुठे आहे ते कळलं.

पुढे वाचण्याआधी लिपीबद्दल थोडं. इंग्रजी वाक्यं इथे देवनागरीत देतो आहे. त्यात ‘थ’ आणि ‘द’ दिसले की ते टी-एचचे आवाज समजा. ‘ट’ आणि ‘ड’ हे टी आणि डी. ‘व्ह’ म्हणजे व्ही, नुसता ‘व’ म्हणजे डब्ल्यू. एरवी आपण व्हॉट, व्हेन, व्हील असं लिहितो. ते सगळे डब्ल्यूचे शब्द आहेत, तिथे व्हीचा आवाज येत नाही.

व्ही आणि डब्ल्यू: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

मराठी ‘व’ म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांजवळ जातो, पण घट्ट टेकत नाही. ओठ पूर्ण गोलही होत नाहीत. इंग्रजीत नेमक्या याच दोन टोकांना दोन वेगळे आवाज आहेत आणि आपण दोन्हींसाठी मधला एकच वापरतो. म्हणून ‘व्हेसल’ म्हणजे जहाज, हे ‘वेसल’ होऊन परक्या कानावर पडतं.

आरशासमोर उभे राहा. व्हीसाठी खालच्या ओठाची आतली कड वरच्या दातांना टेकवा आणि आवाज सोडा. ओठाला गुदगुल्या होतील. हा आवाज श्वास संपेपर्यंत लांबवता आला पाहिजे. लांबवताना ‘व’ होऊन सुटत असेल तर ओठ दातांवरून निसटला आहे. आता डब्ल्यू. ‘ऊ’ म्हणा, ओठ छोटे आणि गोल करा, दातांचा संबंधच येऊ देऊ नका. तिथून झटकन पुढच्या स्वरावर या: ऊ-एस्ट, वेस्ट. ऊ-इंटर, विंटर.

हे जमलं की जोड्या म्हणा. व्हेट–वेट. व्हाईन–वाईन, म्हणजे वेल आणि द्राक्षाची दारू. व्हर्स–वर्स, म्हणजे कवितेची ओळ आणि ‘आणखी वाईट’. आरशात ओठ बदलताना दिसले पाहिजेत. दिसत नसतील तर कानाला फरक वाटला तरी तो खरा धरू नका.

त्यानंतरच ट्विस्टर:

वी वेलकम व्हिजिटर्स टु वेलास व्हिलेज एव्हरी विंटर.

मंडणगड तालुक्यातलं वेलास ऑलिव्ह रिडले कासवांसाठी ओळखलं जातं. तिथे पाहुण्यांना घरात उतरवून घेणाऱ्यांना हे वाक्य रोजच्या उपयोगाचं आहे. वाक्याचे तुकडे करा: ‘वी वेलकम’, ‘व्हिजिटर्स टु’, ‘वेलास व्हिलेज’, ‘एव्हरी विंटर’. प्रत्येक तुकडा इतका सावकाश म्हणा की ओठ कुठे आहेत ते तुम्हाला समजेल. तिसऱ्या तुकड्यात गंमत आहे. वेलासचा ‘व’ आपला मराठीच राहू द्या, तो गावाचा आहे, आणि लगेच पुढे व्हिलेजचा ओठ दातांवर न्या. चौथा तुकडा सगळ्यात अवघड, कारण ‘एव्हरी’तून बाहेर पडून ओठ लगेच गोल करायचे असतात.

जहाजावर जाणाऱ्यांसाठी दुसरं वाक्य:

द व्हेसल विल वेट वेस्ट ऑव्ह वेंगुर्ला.

इथला ‘वेट’ म्हणजे थांबणं. यातला ‘ऑव्ह’ नीट बघा. आपण शाळेपासून ‘ऑफ’ म्हणत आलो, पण ‘चा, ची, चे’ या अर्थाचा तो छोटा शब्द व्हीवर संपतो.

आठवडाभर व्हीचा सराव केला की एक नवी चूक हमखास येते: सगळंच व्ही होतं. ‘व्हॉटर’, ‘व्हिंडो’, ‘व्हुमन’ ऐकू यायला लागतं. घाबरू नका, ओठाला नवी जागा सापडल्याची ती खूण आहे. पण म्हणूनच दोन्ही आवाज आलटून पालटून येणारी वाक्यं घ्यायची. नुसत्या व्हीने भरलेलं वाक्य या टप्प्यावर नुकसान करतं.

टी, पी, के: फुंकर आणि जागा

इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली जिभेची जागा. मराठी ‘त’ला जीभ दातांना लागते, ‘ट’ला ती मागे वळते. इंग्रजी टी या दोन्हींच्या मध्ये, वरच्या दातांमागच्या उंचवट्यावर. ती जागा शोधायची सोपी युक्ती अशी: ‘ल’ म्हणा आणि जीभ तिथेच थांबवा. आता त्याच जागेवरून टी सोडा. डीसुद्धा तिथूनच.

दुसरी गोष्ट फुंकर. इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीला पी, टी, के आले आणि त्यांच्यावर जोर असला की त्यांच्यामागे हवेचा झोत निघतो. आपल्या ‘प’मध्ये तो नसतो, म्हणून आपलं ‘पॅक’ इंग्रज किंवा अमेरिकन माणसाला ‘बॅक’ ऐकू येऊ शकतं. कागदाची पातळ पट्टी ओठांसमोर धरा आणि पीटर पायपरचं वाक्य एकेक शब्द करून म्हणा. पीटर, पिक्ड, पेक, पिकल्ड, पेपर्स, प्रत्येकाच्या पहिल्या ‘प’ला पट्टी हलली पाहिजे. पण पायपरचा आणि पेपर्सचा दुसरा ‘प’ मऊ असतो, तिथे पट्टी जेमतेम हलते. आणि ‘स्पून’, ‘स्पीक’ अशा शब्दांत सच्या मागे पी आला तर फुंकर जवळजवळ नसतेच, तिथे आपला मराठी ‘प’ अगदी चपखल बसतो. जोर लावून सगळीकडे ‘फ’ करत सुटू नका.

टीसाठी हे वाक्य:

टेन टायनी टर्टल्स टॉडल टु द टाईड.

पिल्लं घरट्यातून निघून पाण्याकडे जातात, तेवढ्याच संथपणे म्हणा. दर टीला जीभ उंचवट्यावर आहे का, ते आधी तपासा आणि मग पट्टी धरा. दोन्हीकडे एकदम लक्ष देऊ नका.

टी-एच: महत्त्वाचा, पण घाईचा नाही

उच्चार सुधारायचे म्हटलं की सगळे इथूनच सुरुवात करतात. माझं मत वेगळं आहे. वेळ कमी असेल तर टी-एच मागे ठेवा. ‘थ्री’ला आपण मराठी ‘थ’ वापरला तरी ऐकणाऱ्याला सहसा कळतं. समुद्रावरच्या संवादासाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ साली प्रमाण इंग्रजी वाक्यांशांचा संच स्वीकारला. त्यात आकडे रेडिओवर कसे उच्चारायचे तेही ठरवून दिलं आहे: तीनला ‘ट्री’, पाचला ‘फाईफ’, नऊला ‘नायनर’, हजाराला ‘टाऊसंड’. खरखरीतही आकडा स्पष्ट पोचावा म्हणून टी-एच तिथे मुद्दाम बाजूला ठेवला आहे. जहाजावर निघालेल्या मुलांनी हे नीट लक्षात ठेवावं. वर्गात ‘थ्री’ घोटा, पण जहाजावरच्या व्हीएचएफ रेडिओवर ‘ट्री’ हेच बरोबर आहे, तिथे सुधारायला जाऊ नका.

तरीही गाईडचं काम करणाऱ्यांना हा आवाज लागतोच. मराठी ‘थ’ आणि इंग्रजी टी-एच यांतला फरक एका चाचणीत कळतो: आवाज लांबवून बघा. ‘थ’ लांबवता येत नाही, कारण तो अडवून सोडलेला आवाज आहे. टी-एच मात्र ‘श’सारखा हवा तेवढा चालू ठेवता येतो. जिभेचं टोक वरच्या आणि खालच्या दातांच्या फटीत अगदी हलकं ठेवा आणि हवा जाऊ द्या. जीभ बाहेर काढून दाखवायची गरज नाही. आरशात तिची कड दिसली की पुरे. ‘थिन’, ‘थिक’, ‘थर्टी’ यांत घसा शांत असतो. ‘दिस’, ‘दॅट’, ‘दे’ यांत जीभ तिथेच, पण घसा थरथरतो. गळ्यावर बोटं ठेवा, फरक हाताला लागेल.

मग जोड्या: थ्री–ट्री, थिन–टिन, दे–डे, देन–डेन. आणि मग सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटाचं वर्णन, जे कुठलाही गाईड रोज सांगतो:

थर्टी फीट हाय अँड ट्वेल्व्ह फीट थिक.

तट सुमारे तीस फूट उंच आणि बारा फूट जाड, एवढीच माहिती. पण त्यात टी-एच, टी, एफ आणि व्ही असे चारही आवाज एका ओळीत आहेत. मला हे वाक्य यादीतल्या कुठल्याही तयार ट्विस्टरपेक्षा मोलाचं वाटतं, कारण वर्गातला सराव आणि धक्क्यावरचं काम इथे एकच होतं.

जे आपल्याला फारसं अडत नाही

‘शी सेल्स सीशेल्स’ जगभर प्रसिद्ध आहे, पण मराठी माणसाला त्यातून नवा आवाज मिळत नाही. ‘स’ आणि ‘श’ आपल्याकडे आहेतच. ज्यांच्या घरच्या बोलीत ‘शाळा’ची ‘साळा’ होते त्यांना ते नक्की उपयोगी आहे, आणि वेगाचा सराव म्हणून इतरांनाही. त्यांच्यासाठी आपल्या बाजाराचं वाक्य: शी सेल्स सिक्स शाईनी सॅक्स ऑव्ह सॉल्टेड कॅशूज. ‘स्कूल’, ‘स्टेशन’ यांनाही वेळ देऊ नका. ‘स्पष्ट’ आणि ‘स्थिर’ म्हणणाऱ्या जिभेला ते अवघड नाहीत.

झेडचंही तसंच. ‘जमीन’ आणि ‘जवळ’मधला ‘ज’ झेडच्या बराच जवळ आहे. ‘झू’ म्हणताना फक्त ‘झाड’मधला हकार काढून टाका.

एफसाठी खालचा ओठ वरच्या दातांवर, व्हीसारखाच, फक्त घशाचा आवाज नाही. ‘फळ’ म्हणताना अनेक जण आता हाच आवाज काढतात. काहींचे दोन्ही ओठ मिटतात, त्यांनी हे घ्यावं: फाईव्ह फॅट फिश फ्राय फास्ट इन फोर फ्लॅट पॅन्स. शेवटचा ‘प’ मुद्दाम ठेवला आहे. तिथे ओठ मिटले पाहिजेत, आणि आधी कुठेही नाही.

स्वर आणि आकडे

बोलताना मराठीत ऱ्हस्व-दीर्घामुळे अर्थ क्वचितच बदलतो, त्यामुळे आपण तिकडे लक्ष देत नाही. इंग्रजीत ‘शिप’ आणि ‘शीप’ म्हणजे जहाज आणि मेंढी. फरक फक्त लांबीचा नाही. ‘शीप’ला ओठ ताणलेले, ‘शिप’ला सैल. चीप शीप स्लीप इन बिग शिप्स हे म्हणा आणि शेवटच्या दोन शब्दांना ओठ सैल पडतात का ते आरशात बघा.

खरा घोटाळा होतो तो आकड्यांत, आणि होमस्टेवाल्यांना तो पैशात भोगावा लागतो. थर्टीन की थर्टी, फिफ्टीन की फिफ्टी? सुटा आकडा म्हणताना ‘टीन’वर जोर येतो, तो लांब असतो आणि ‘न’वर संपतो. ‘थर्टी’ आणि ‘फिफ्टी’मध्ये जोर पहिल्या भागावर आणि शेवट आखूड. पण मोठ्या आकड्यात किंवा सालात जोर सरकतो, तेव्हा ‘न’ हाच भरवशाचा आधार उरतो. सिंधुदुर्ग बांधायला १६६४ मध्ये सुरुवात झाली आणि काम १६६७ मध्ये पुरं झालं. हे इंग्रजीत सांगणं म्हणजे आयतं ट्विस्टर आहे:

सिक्स्टीन सिक्स्टी-फोर टु सिक्स्टीन सिक्स्टी-सेव्हन.

दोन्ही ‘टीन’चे ‘न’ ऐकू आले पाहिजेत आणि ‘सेव्हन’मध्ये ओठ दातांवर गेला पाहिजे. खोलीचं भाडं सांगतानाही हीच सवय ठेवा, आणि शंका वाटली तर आकडा सुटा करून सांगा: वन-फाईव्ह, फिफ्टीन.

रोजचा सराव कसा करायचा

पाच मिनिटं सकाळी आणि पाच संध्याकाळी, एवढं पुरतं. एकदम अर्धा तास केलात तर जीभ दमते आणि जुनी सवय परत येते. सुरुवातीला एखादं मराठी वाक्य म्हणा, ‘कच्चा पापड पक्का पापड’ किंवा ‘चटईला टाचणी टोचली’. तोंड मोकळं होतं आणि लाजही जाते. मग इंग्रजी आवाज सुटा आणि लांबवून, मग जोड्या, मग वाक्याचे तुकडे, मग पूर्ण वाक्य सावकाश. मांडीवर हाताने ठेका धरा आणि प्रत्येक ठोक्याला जोराचा एक शब्द आणा: टेन टायनी टर्टल्स, टॉडल, टाईड. ‘टु’ आणि ‘द’ यांना ठोका नाही, ते घाईने निघून जातात. इंग्रजीची लय या दाबलेल्या छोट्या शब्दांतूनच येते आणि आपण नेमके तेच शब्द मोठ्याने म्हणतो.

वाक्य सलग तीनदा स्वच्छ आलं तरच ठेका थोडा वाढवा. आवाज मोडला की लगेच मागच्या वेगावर या. वेगाने आवाज सुधारत नाही. तो कितपत पक्का झाला आहे, एवढंच वेगात कळतं. तोंडात पेन्सिल धरून बोलायचा सल्लाही बरेच जण देतात. मी तो देत नाही. या सगळ्या आवाजांत ओठ आणि जीभ मोकळी हवी, आणि पेन्सिल त्यांनाच अडवते.

घरात मोठ्याने म्हणायला संकोच वाटतो, हे मी खूप जणांकडून ऐकतो. ‘माका जमाचा नाय’ यामागे बहुधा हाच संकोच असतो. दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकू जात नाही. पावसाळ्यात पत्र्यावर सर लागली असेल तेव्हाही तेच. आणि घरात लहान मुलं असतील तर त्यांना बरोबर घ्या. आरशात ओठ बघण्याचा खेळ त्यांना आवडतो आणि मोठ्यांची चूक ती अचूक पकडतात.

आठवड्याच्या शेवटी पहिल्यासारखंच दोन मिनिटं बोलून रेकॉर्ड करा आणि आधीच्या रेकॉर्डिंगशेजारी ऐका. ट्विस्टर रेकॉर्ड करू नका, तो पाठ झालेला असतो. साध्या बोलण्यात तो आवाज आपोआप येतो का, तेवढंच ऐका. येत नसेल तर वाक्य बदला, आवाज तोच ठेवा, आणि या वेळी वाक्य स्वतः रचा. आपल्या कामातले पाच-सहा शब्द घ्या, त्यात तो आवाज आणि त्याचा शेजारी आवाज दोन्ही येतील असं बघा. होमस्टेवाल्या ताईंच्या वाक्यात मासे आणि भाडं येईल, खलाशाच्या वाक्यात वारा आणि बंदर. असं वाक्य कामाच्या ठिकाणी उद्याच तोंडात येतं आणि सराव तिथेच चालू राहतो.

आपला हेल मात्र घालवायला जाऊ नका. बोलण्यातली मालवणी चढउतार, वाक्याच्या शेवटचा सूर, यामुळे कुणी ‘पार्डन?’ म्हणत नाही. सगळा जोर त्या चार-पाच आवाजांवरच राहू द्या.

क्रम ठरवताना आपल्या कामाकडे बघा. जहाजावर जाणाऱ्याने आधी व्ही-डब्ल्यू, मग रेडिओवरचे आकडे, मग शिप-शीप. गाईडने आधी साल आणि आकडे, मग टी आणि त्याची फुंकर, शेवटी टी-एच. होमस्टे चालवणाऱ्यांनी आधी भाड्याचे आकडे, मग एफ आणि पी, मग व्ही-डब्ल्यू. एका आवाजाला दोन आठवडे द्या, आणि साध्या बोलण्याच्या रेकॉर्डिंगमध्ये तो स्वच्छ ऐकू येईपर्यंत पुढच्याला हात लावू नका.